बारा फुटांचा रस्ता

"लागला का हाताला?" पलीकडून आवाज आला.

"नाय अजून."

"बघ नीट. जवळच आलाय त्यो."

मी खड्ड्यात पालथी पडले होते. उजवा हात खांद्यापर्यंत रस्त्याच्या पोटात आणि गाल ओल्या मुरमाला टेकलेला. डोक्याच्या वर रस्ता होता, बारा फूट रुंद, काळ्या घडीव दगडांचा. पलीकडच्या बाजूला असाच एक खड्डा होता. त्यात माझा नवरा घण घेऊन उभा होता आणि दोन इंची लोखंडी पाईप रस्त्याखालून माझ्याकडे ठोकत होता.

वाईच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी तो बंगला होता. त्या संध्याकाळी मालकांच्या मुलीचा साखरपुडा होता. बागेच्या एका अंगाला छोटे छोटे दिवे लावून झाले होते. दुसऱ्या अंगाला दिव्यांचे खांब उभे होते, पण त्यांना वायर नव्हती. वायर न्यायची तर मध्ये गेटपासून पोर्चपर्यंत गेलेला हा रस्ता. आणि रस्त्याचा एक दगडही हलवायचा नाही, असं पोतनीस साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. पोतनीस म्हणजे बंगल्याचे मॅनेजर. म्हणून मग खालून पाईप ठोकायचा आणि पाईपातून वायर ओढायची, असं ठरलं.

"रस्ता करतानाच एक रिकामा पाईप खाली टाकून ठेवला असता, तर आज माझं काम दहा मिनिटांचं होतं," वायरमन मुनीर म्हणाला होता. "कुठल्या शहाण्यानं केला हा रस्ता?"

माझ्या नवऱ्यानं बिडी दगडावर विझवली. "मी," ते म्हणाले.

मुनीर हसला. "मग बरंय. ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवावी."

रस्ता खरंच त्यांनी केला होता. आदल्या वर्षी साडेतीन महिने आम्ही दोघं तिथंच झोपडी टाकून राहिलो होतो. मी दगड वाहिले, त्यांनी घडवले आणि बसवले. दोन दगडांच्या मध्ये सुरीचं पातं जायचं नाही. खाली पाईप टाकून ठेवू का, असं त्यांनी तेव्हा विचारलंही होतं. पोतनीस म्हणाले होते, "सांगितलंय तेवढं कर." त्यांनी तेवढं केलं. सांगितलं तेवढं करणारा माणूस अशीच त्यांची ओळख होती. कामावर त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. कुणी 'घण्या' म्हणायचं, कुणी नुसतं 'ए वडार'. ते दोन्हीला ओ द्यायचे.

मी त्यांना 'अहो' म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं म्हणायचे. लग्नात एकदाच घेतलं होतं, तेही उखाण्यात लपवून आणि पदर तोंडावर धरून.

त्यांची घाव घालायची एक रीत होती. घण आधी नेमक्या जागी दोनदा हलकेच टेकवायचे. टक्, टक्. मग उचलायचे. खाणीत मी छिन्नी धरायची आणि ते मारायचे, तेव्हापासून त्या दोन टकटकी माझ्या हाताला पाठ होत्या. त्या ऐकल्या की पुढं घाव येणार हे ठरलेलं.

इथंही तसंच चाललं होतं. टक् टक् झालं की मी हात मागं घ्यायची, घाव बसला की पुन्हा आत घालून चाचपायची. पण पाच वाजायच्या सुमाराला पाईप कशाला तरी अडला. दहा घाव बसले तरी जागचा हलेना. मागं लावलेला लाकडी ठोकळा फुटून गेला, तेव्हा ते थेट लोखंडावर मारायला लागले. नेमकं कुठं अडतंय ते कळावं म्हणून अकराव्या घावाला मी हात मागं घेतला नाही. ती माझी चूक.

पाईप एकदम सुटला. वीतभर पुढं आला आणि माझी दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, त्याच्या काठाखाली दगडावर चेपली गेली.

मी ओरडले असणार. ते धावत रस्ता ओलांडून आले आणि खड्ड्यात उतरले. त्यांचा हात माझ्या हाताच्या कडेनं आत शिरेना, इतकं ते बीळ अरुंद होतं.

"मोडला का?"

"म्हाईत नाय. बोटं कळंनात."

"काढ बघू मागं."

"निघत नाय."

त्यांनी माझ्या दंडाला धरून जरा ओढलं. डोळ्यांपुढं पांढरं झालं. त्यांनी सोडून दिलं.

मुनीर चेन पाना घेऊन आला. दोघांनी पलीकडं जाऊन पाईपाला पाना लावला आणि फिरवत फिरवत मागं ओढायला गेले. पाईप मागं आला नाही, जागेवरच फिरला. माझ्या बोटांवर फिरला. या खेपेला मी काय ओरडले ते मला माहीत आहे, कारण बंगल्याच्या गच्चीवरून माळा सोडणारी माणसं खाली वाकून बघायला लागली.

"बंद कर! बंद कर!" पोतनीस पळत आले. "काय झालं? हिला काय झालं?"

"पाईपाखाली हात घावलाय, सायेब," माझा नवरा म्हणाला. "आतला दगड हलायचा नाय. मीच बसवलाय, कपच्या ठोकून. वरनं एक दगड काढला की खालचा सुटंल. एकच दगड. उद्या जसाच्या तसा बसवून देतो."

"रस्ता फोडणार?"

"फोडत नाय. एक दगड."

"अरे, पावणेसहाला गाड्या येतायत! मालकांनी मुंबईच्या पाहुण्यांना मुद्दाम सांगून ठेवलंय, आमचा रस्ता बघा म्हणून. आणि मध्ये भगदाड दाखवू?"

"साहेब, बाईचा हात आहे खाली," मुनीर म्हणाला.

"मला दिसतंय. मी काय राक्षस आहे का?" पोतनीसांचा आवाज चिरकला. "मलाही घर आहे. मागच्या महिन्यात कारंजं बंद पडलं तर मालकांनी माळ्याला उभ्या उभ्या काढला. गाड्या आत येऊ देत. मग काय ते करू. अर्धा तास. बाई, अर्धा तास धीर धराल ना?"

मी माझ्या नवऱ्याच्या पायांकडे बघत होते. खड्ड्यातून तेवढेच दिसत होते. चुन्यानं उललेल्या टाचा आणि अंगठ्याशी तुटलेली वहाण. ते पाय पुढं येतील असं मला वाटत होतं.

"बरं," ते म्हणाले.

तो 'बरं' मला बोटांपेक्षा जास्त लागला.

पोतनीसांनी मला एक तांब्या पाणी आणून दिलं. डाव्या हातानं प्यायले, निम्मं पदरावर सांडलं. मग त्यांनी बागेतल्या माणसांकडून झेंडूच्या आणि शेवंतीच्या कुंड्या आणवल्या आणि माझ्या खड्ड्याभोवती ओळीनं मांडल्या. अगदी जवळ जवळ. वरून बघणाऱ्याला खड्डा दिसू नये आणि खड्ड्यातली बाईही.

"तू पलीकडंच थांब," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "खाली बसून राहा. कुणाला दिसू नकोस."

मी एकटी राहिले.

किती बारीक गोष्टी आठवतात. कुंडीच्या बुडातल्या भोकातून गळणारं पाणी माझ्या मानेवर पडत होतं. मान हलवता येत नव्हती असं नाही, पण मान हलली की खांदा हलायचा आणि खांदा हलला की बोटांत आग व्हायची. म्हणून मी मान हलवली नाही. पाण्याचे थेंब मोजायला लागले. मोजता येत होते ते वीसपर्यंतच. वीस झाले की पुन्हा पहिल्यापासून.

आणि पाईपातून आवाज यायचा, हे तेव्हा कळलं. बोटं पाईपाच्या काठाखाली होती, त्याचं तोंड मोकळंच होतं. पलीकडच्या खड्ड्यातलं सगळं त्या पोकळीतून माझ्या कानाशी यायचं. त्यांचं खोकणं. काडी ओढल्याचा आवाज. एकदा ते हळूच म्हणाले, "अंबू." मी ओ दिली नाही. रागानं नाही दिली.

गाड्या आल्या.

पहिली आली तेव्हा मला वाटलं, आता वरचं सगळं खाली येतंय. आलं नाही. त्यांनी केलेला रस्ता होता तो, कसा येईल? फक्त वजन यायचं. आधी लांबून दगडांत गुरगुर व्हायची, मग ती जवळ यायची, मग बरोबर हातावरून जायची, आणि तेवढ्या वेळात पाईप बोटांवर अजून थोडा बसायचा. गाडी पुढं गेली तरी तो उठायचा नाही. दुसरी गाडी. तिसरी. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

कुंड्यांच्या पलीकडं कुणी तरी गाडीतून उतरलं. जरीचा काठ दिसला आणि उंच टाचेची चप्पल.

"अगंबाई, काय सुरेख रस्ता केलाय! सांधासुद्धा दिसत नाही."

"सगळा हातानं घडवलेला आहे," पोतनीसांचा आवाज. "चला, आपण आत बसू. इकडून या, इकडून."

चप्पल गेली. मी बोळा आणखी आत दाबला. मला तेव्हा ओरडता आलं असतं. ती बाई थांबली असती, वाकली असती. पण ओरडले तर सगळ्यांसमोर त्यांचं काम नासेल, पुन्हा वाई तालुक्यात कुणी उभं करणार नाही, हे माझ्याही डोक्यात बसलेलं होतं. पाय पुढं आले नाहीत म्हणून मी त्यांच्यावर रागावले होते. तोंड माझंही उघडलं नव्हतं.

अर्धा तास झाला, तास झाला. उजेड कमी व्हायला लागला. बोटांतली आग गेली आणि त्यांच्या जागी काहीच उरलं नाही, तेव्हा मी जास्त घाबरले. मुनीर एकदा कुंड्यांमधून डोकावला. "भाभी, पोतनीस मला मागं जनरेटरवर पाठवतोय. तेवढं चालू करून येतो, मग मी स्वतः फोडतो, आईशप्पथ," म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर थोड्या वेळानं पाईपातून पोतनीसांचा आवाज आला. अगदी कानात बोलल्यासारखा.

"हे बघ, एक कर. एक जोरात घाव पुढं मार. दगड सरकेल आणि हात सुटेल. रस्ता फोडायला नको, काही नको."

"दगड सरकायचा नाय, सायेब."

"तू मारून तर बघ. रात्रभर तिला तिथं ठेवणार आहेस का?"

घणाचा दांडा दगडाला घासल्याचा आवाज आला.

"हिला इचारलं?" ते म्हणाले.

"विचारलं ना. हो म्हणाली. तिलाच घाई झालीय. मार, आता जनरेटर सुरू होतोय, आवाज कुणाला कळणार नाही."

मला कुणी विचारलं नव्हतं.

"नाय!" मी म्हणाले. तोंडात पदर होता. तो थुंकून टाकला. "नाय! अहो, नका!"

त्याच वेळी मागच्या अंगाला जनरेटर धडधडला. सगळी बाग त्या आवाजानं भरली. "अहो! अहो, ऐका की! अहो!" माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. वर बायका हसत होत्या, कुणी कुणाला हाका मारत होतं. त्या गर्दीत एक 'अहो' कुणाचं?

आणि पाईपातून माझ्या हाताला लागलं. टक्.

बोटं मेली होती, पण तळव्याला कळलं.

टक्.

आता ते घण उचलणार. कमरेतून मागं वळणार, श्वास घेणार. तेवढाच वेळ होता. मी तोंड बिळाला लावलं, माती ओठांत गेली, आणि पोटातून ओरडले,

"तायाप्पाऽऽ!"

घाव आला नाही.

मी डोळे मिटून घेतले होते. मग माझ्याच भोवतीच्या कुंड्या फुटल्याचा आवाज आला. ते कुंड्या बाजूला करत नव्हते, लाथेनं उडवत होते. खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर पडले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तसं त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मी शरमेनं तोंड फिरवायला गेले, पण फिरवता येत नव्हतं.

"हो म्हणालीस तू?" त्यांनी वाकून कानात विचारलं.

"मला कुणीबी इचारलं नाय."

ते उठले. माझा खांदा कुठवर गेलाय ते बघितलं, वितीनं वर अंतर मोजलं आणि एका दगडावर बोट ठेवलं. मग छिन्नी सांध्यावर लावली. सुरीचं पातं जात नव्हतं त्या सांध्यावर.

पाहुणे पोर्चमधून खाली यायला लागले होते. पोतनीस धावत आले आणि त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. "ए, वेड लागलं का? रस्त्याला हात लावू नको! मालक बघतायत!"

"मालकाला म्हणावं, बघा," ते म्हणाले. "मीच बसवलाय. मीच काढतोय."

टक्, टक्, आणि घाव. तीन घावांत दगडाचे दोन तुकडे झाले. त्याच्या शेजारचा चौथ्या घावाला उठला. ते पहारीनं तुकडे उपटत होते आणि बाजूला फेकत होते, ते फेकलेले तुकडे इतर दगडांवर पडून त्यांनाही टवके उडत होते. साडेतीन महिन्यांत मी त्यांना एक दगडसुद्धा आपटून ठेवताना बघितलं नव्हतं. मुनीर आला, त्यानं पाईप वर उचलून धरला, आणि मातीत हात घालून त्यांनी माझा हात बाहेर काढला. दोन्ही हातांनी, जसं काही तो वेगळाच होता, माझा नव्हता.

ती दोन बोटं आजही वळत नाहीत. अक्षरं मी पुढं पन्नाशीनंतर शिकले, ती उरलेल्या तीन बोटांत पेन्सिल धरून.

मांडववाल्याचा टेम्पो उभा होता. मुनीरनं कुणाला न विचारता ड्रायव्हरला उठवलं आणि आम्हाला मागं बसवलं. गेटातून बाहेर पडताना मी मागं वळून बघितलं. रस्त्याच्या एका अंगाला दिवे लागले होते. दुसऱ्या अंगाला अंधार होता आणि मध्ये तो खड्डा.

टेम्पोत ते माझा हात आपल्या धोतराच्या फाडलेल्या पट्टीत धरून बसले होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "नाव घेतलं. चारचौघांत."

त्यांनी मान हलवली. मग बाहेर बघत म्हणाले, "जमिनीतनं आलं."

"काय?"

"नाव. पाईपातनं आलं, खालनं. मला वाटलं, आई हाक मारती."

त्यांच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्यात जाळत नाहीत, मातीत ठेवतात. खाणीच्या वरच्या कडेवर उभी राहून ती जेवायला हाक मारायची, शेवटचं अक्षर लांबवत. खाली वीस माणसं दगड फोडत असायची, पण ती हाक त्यांनाच ऐकू जायची. ती गेल्यापासून त्या नावानं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मीसुद्धा नाही. मी तर कधीच नाही.

वाईच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाई टेबलापाशी कागद घेऊन बसल्या होत्या. हाताकडे बघून त्यांनी डॉक्टरांना बोलवायला माणूस पाठवला आणि पेन उघडलं.

"नाव?"

"अंबूबाई."

"नवऱ्याचं नाव?"

मी त्यांच्याकडे बघितलं. रेशन कार्डाच्या वेळी मी अशीच बघायची, शिरगणतीवाले आले तेव्हाही. मग ते सांगायचे, नाही तर शेजारीण सांगायची.

ते माझ्या मागंच उभे होते, हाताभर अंतरावर. भिंतीवर लसीकरणाचं चित्र होतं, त्याकडे बघत होते. ऐकू आलंच नसल्यासारखे.

"अहो, नवऱ्याचं नाव काय?" नर्सबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हीच ना नवरा? तुम्ही सांगा."

"तिला इचारा," ते चित्राकडे बघतच म्हणाले. "तिला येतंय."

मी सांगितलं.

"ऐकू आलं नाही, बाई. जरा मोठ्यानं सांगा."

मी मोठ्यानं सांगितलं.